काळ्या जमिनीच्या मुलखात पवनचक्की उभी कशी करतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशिम जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या शेजारच्या वावरात पवनचक्कीचं काम चालू आहे. मोठा गोल खड्डा खणला, एका रात्रीत काँक्रीटने भरला, मग महिनाभर तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. नंतर भली मोठी क्रेन आली आणि आठवडाभर नुसती उभी राहिली, तेही वारा पडलेला असताना. मग एकाच दिवसात टॉवरचे तीन तुकडे चढले. त्यांचं विचारणं असं: हे उभं कसं करतात, काळ्या मातीत ते टिकतं का, क्रेन थांबून का राहते, आणि पाती जोडण्यासाठी कंपनी आपलं वावर मागते आहे ते द्यावं का.

भाऊ, मी पवनचक्की उभारणीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत आणि मूळचा वऱ्हाडातला आहे, त्यामुळे आपली जमीन आणि आपला वारा दोन्ही ओळखतो. चारही प्रश्नांचं उत्तर देतो, पण जमिनीपासून सुरुवात करतो. लोक क्रेन बघायला येतात, ते साहजिकच आहे. पण यंत्राची वीस वर्षं कशी जाणार हे मातीखाली आणि बोल्टांत ठरतं, आणि काम संपल्यावर त्यातलं काहीच कुणाच्या नजरेस पडत नाही.

आधी एवढी उंची लागते कशाला ते बघू. आपल्याकडचा वारा साताऱ्याच्या पठारासारखा नाही. चिखलदऱ्याजवळ मोथ्याला पूर्वीपासून पवनचक्क्या आहेत, पण ती जागा सातपुड्याच्या माथ्यावर आहे. खालच्या पठारावर चांगला वारा हवा असेल तर वर जावं लागतं. समजा 80 मीटरवर सेकंदाला 6 मीटर वारा आहे, तर 140 मीटरवर तो साधारण 6.9 मीटर मिळू शकतो. फरक किरकोळ वाटेल, पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणून तेवढ्याशा फरकाने ती दीडपट होते. यासाठीच कमी वाऱ्याच्या भागात उंच टॉवर आणि लांब पात्यांची यंत्रं येतात. सुझलॉनचं एस-120 हे 2.1 मेगावॉटचं मॉडेल 140 मीटर उंचीवर बसतं. त्याच्या रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा, व्यास 120 मीटर आहे. म्हणजे पातं सरळ वर असेल तेव्हा त्याचं टोक जमिनीपासून 200 मीटरवर असतं. तुमच्याकडे नेमकं कोणतं मॉडेल आहे ते साइटच्या फलकावर असेल. पुढचे आकडे या मापाच्या यंत्राचे धरा, थोडंफार इकडेतिकडे होईल.

आता पाया. टॉवर, नॅसेल (माथ्यावरची यंत्रांची खोली) आणि रोटर मिळून 350 ते 500 टन भरतात. एवढं वजन पेलणं आपल्या मुरमाला अजिबात जड नाही. खरी अडचण आडव्या जोराची आहे. वादळी वाऱ्यात माथ्यावर 50 टनांचा रेटा आला तर 140 मीटरच्या तरफेमुळे पायथ्याशी 7000 टन-मीटरचा उलथवणारा जोर तयार होतो. त्याला तोंड द्यायचं तर पाया रुंद हवा आणि जड हवा. म्हणून 18 ते 22 मीटर व्यासाची, मध्ये जाड आणि कडेला पातळ होत जाणारी तबकडी ओततात. 400 ते 600 घनमीटर काँक्रीट आणि 40 ते 60 टन सळई लागते. 500 घनमीटर काँक्रीटचंच वजन 1250 टन होतं, म्हणजे वर दिसणाऱ्या यंत्राच्या तिप्पट. त्यावर परत भरलेल्या मुरमाचं वजन वेगळं. ते सगळं धरून 2000 टनांच्या पुढे जातं.

आणि हा भरावाचा मुरूम हिशेबात धरलेला असतो, हे गावात सगळ्यांना सांगून ठेवा. काम झाल्यावर तिथे मुरमाचा आयता ढीग आहे असं समजून ट्रॉली भरून नेणारे लोक मी पाहिले आहेत. मुरूम नेला तर पायावरचं वजन कमी होतं आणि पावसाचं पाणी काँक्रीटच्या कडेला साचायला जागा मिळते. पायाच्या वर्तुळात चर खणू नये, झाडं लावू नयेत आणि मुरूम तर मुळीच उचलू नये.

काळ्या मातीत टिकतं का, याचं सरळ उत्तर: पाया काळ्या मातीत बसवतच नाहीत. आपल्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पावसाळ्यात ते पाणी शोषून फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. वावरात चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे. असल्या थरावर तबकडी ठेवली तर एक बाजू उचलेल, दुसरी खचेल, आणि खालच्या थोड्याशा कलाचाही माथ्यावर बराच मोठा फरक होईल. म्हणून काळा थर पूर्ण काढून कठीण मुरमापर्यंत किंवा काळ्या पाषाणापर्यंत जातात. बरड माळावर तो हात-दोन हातांवर लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र गाळाचा थर इतका खोल आहे की तिथे काँक्रीटचे पाइल, म्हणजे खोल खांब, खाली उतरवून त्यांच्यावर पाया घ्यावा लागतो.

नुसता खडक लागला म्हणूनही भागत नाही. आपला दख्खनचा बेसाल्ट थरांनी बनलेला आहे, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा मऊ पट्टा असतो. भूशास्त्राची माणसं त्याला बोल म्हणतात. वरचा खडक ठणठणीत वाजतो आणि खाली हा पट्टा असतो. म्हणून प्रत्येक जागेवर बोअर घेऊन खडकाच्या कांड्या पेटीत लावून तपासतात. शेजारच्या दुसऱ्या यंत्राचा अहवाल इथे चालत नाही. तुमच्या वावरात कुणी ड्रिल लावून पेटीत दगडाच्या कांड्या भरताना दिसलं असेल तर ते हेच काम होतं.

काँक्रीट ओतणं हा या कामातला सगळ्यात कसाचा दिवस, निदान माझ्या लेखी. ते एकसंध व्हायला हवं. एकदा सुरुवात केली की संपेपर्यंत थांबायचं नाही, कारण खालचा थर कडक झाल्यावर वर ओतलं तर मध्ये जोड राहतो आणि वीस वर्षं डुलणाऱ्या यंत्राला तसा जोड चालत नाही. सहा घनमीटरची मिक्सर गाडी धरली तर 500 घनमीटरला 80 च्या वर फेऱ्या होतात. प्लांट बंद पडला तर दुसरा तयार हवा, पंप दोन हवेत, जनरेटर हवा. आणि पांदण रस्त्यावर एकही गाडी रुतता कामा नये, म्हणून आदल्या दिवशी तो रस्ता दोन-दोनदा पाहून ठेवतात.

रात्री का ओतलं, तर उन्हामुळे. एवढा मोठा गोळा आतून स्वतःच तापतो, कारण सिमेंट आणि पाणी एकत्र आले की उष्णता निघते. आत तापलेलं आणि बाहेर थंड असा फरक वाढला की काँक्रीट तडकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, खडी आणि वाळू हात लावू देत नाहीत. म्हणून खडीवर पाणी मारून सावली करतात, पाण्यात बर्फ घालतात, थोडं सिमेंट कमी करून फ्लाय ॲश वापरतात आणि संध्याकाळनंतर ओतायला घेतात. गाडी आली की पहिल्यांदा त्यातलं काँक्रीट घमेल्यात घेऊन तापमान मोजायचं, मग शंकूत भरून शंकू उचलायचा आणि ते किती बसतं ते पट्टीने बघायचं. गाडीवाला घाईत असतो, पंपवाला ओरडत असतो, तरी ते मोजल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. ज्या साइटवर इंजिनिअर पहाटे तीनलाही स्वतः शंकूजवळ उभा असतो, त्या साइटच्या पायाबद्दल मला चिंता वाटत नाही.

पाण्याचंही बघावं लागतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरी-बोअरचं पाणी काँक्रीटला घालण्याआधी तपासावंच लागतं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत हवं, नाहीतर सळई आतून गंजते. टँकर कुठून भरला हे म्हणूनच विचारतात. गावातल्या टँकरवाल्यांना तो अविश्वास वाटतो, पण त्यामागे हे कारण आहे.

पायाच्या मधोमध तुम्हाला उभ्या बोल्टांचं वर्तुळ दिसलं असेल. त्याला अँकर केज म्हणतात. सुमारे तीन मीटर लांबीचे शंभराच्या वर बोल्ट दोन वर्तुळांत उभे असतात, खाली त्यांना पोलादी कडं असतं आणि बाहेरून पाइप घातलेला असतो, म्हणजे काँक्रीट त्यांना चिकटत नाही आणि नंतर ते ताणता येतात. या वर्तुळाची पातळी दोन-तीन मिलिमीटरच्या आत राहावी लागते. ओतताना लेव्हलच्या यंत्रातून ती पुन्हा पुन्हा पाहतात, कारण काँक्रीटचा लोट एका बाजूने आला तर पिंजरा सरकतो.

मग तो महिनाभराचा शुकशुकाट. त्या काळात पाया भिजत असतो. गोणपाट टाकून, पाणी सोडून तो ओला ठेवतात, आणि ओतताना भरून ठेवलेले ठोकळे 7 आणि 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. ठोकळ्यांचा निकाल आल्याशिवाय टॉवर चढवायला कुणी सही करत नाही.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही ते डोळ्यांनी पाहता आहात. 60 मीटरचं पातं आणणारा ट्रेलर राष्ट्रीय महामार्ग 53 वर आरामात चालतो. त्याची परीक्षा पुढे असते, गावाच्या वेशीवरच्या काटकोनी वळणावर. तिथे वळणाच्या आतल्या बाजूचा धुरा सपाट करावा लागतो, कारण मागची चाकं आतून कापत येतात. विजेच्या तारा उचलायला महावितरणकडून वीज बंद करून घ्यावी लागते. टॉवरचे तुकडे लांबीला 20 ते 30 मीटर आणि वजनाला 40 ते 70 टन असतात. त्यांना वळणाचा त्रास कमी आणि कच्च्या पुलांचा जास्त.

आता क्रेन. लोक म्हणतात 800 टनी क्रेन आहे, मग 80 टनांचं नॅसेल उचलायला एवढी भीड कशाला. 800 टन ही तिची ताकद बूम, म्हणजे तिचा लांब हात, आखूड आणि वजन जवळ असतानाची. बूम 150 मीटर लांब करून वजन वीस-पंचवीस मीटर बाहेर धरलं की तीच क्रेन 100 टनांच्या आसपास येते. म्हणजे नॅसेल उचलताना ती जवळपास तिच्या मर्यादेवर काम करते. त्यात पॅड, म्हणजे क्रेनखालची दाबून केलेली जागा, एक अंशाने कललं तर 150 मीटर बूमचं टोक अडीच मीटरहून जास्त सरकतं, वजन बाहेर जातं, मर्यादा ओलांडली जाते. म्हणून क्रेनखाली मुरमाचे थर टाकून रोलरने दाबतात, वर लाकडी किंवा पोलादी मॅट अंथरतात, आणि एक अवकाळी सर येऊन गेली तरी पॅड नव्याने तपासतात. अशी क्रेन येतेच तीस-चाळीस ट्रेलरमधून सुटी होऊन. ती जोडायला काही दिवस जातात. मध्ये उच्चदाब वाहिनी आडवी आली तर पुढच्या जागेवर जाताना बूम पुन्हा उतरवावा लागतो. ती उभी दिसते त्या आठवड्यातले निम्मे दिवस बहुधा या जोडाजोडीतच गेले असतील.

बाकीचे दिवस वाऱ्याने खाल्ले. तुम्ही म्हणता वारा पडलेला होता. खाली पडलेला होता, भाऊ, वर नव्हता. सूर्य मावळला की जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होऊन बसून राहते आणि वरचा वारा खालच्या हवेपासून सुटा होतो. मग अंगणात पान हलत नाही आणि 140 मीटरवर मात्र दिवसापेक्षा जोराचा वारा वाहत असतो. सकाळी ऊन चढून जमीन तापायला लागली की खालची आणि वरची हवा एकमेकींत मिसळते, वरचा वारा मंदावतो आणि आपल्याला खाली झुळूक लागायला लागते. म्हणून आपल्या पठारावर पुष्कळदा सकाळी आठ-नऊपासून पुढचे काही तास कामाचे असतात. दुपारी वावटळी सुटतात, त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. वाऱ्याचा आकडा क्रेनच्या बूमच्या टोकावरच्या वातमापकावर बघतात, खालच्या माणसाच्या अंदाजावर नाही. टॉवरचे तुकडे साधारण सेकंदाला 10 ते 12 मीटर वाऱ्यापर्यंत उचलतात, पाती किंवा जोडलेला रोटर 8 च्या आसपास, म्हणजे ताशी 29 किलोमीटर. यंत्र बनवणाऱ्याची मर्यादा आणि क्रेनच्या तक्त्याची मर्यादा यांतली जी कमी असेल ती पाळायची. साइटवर क्रेनच्या भाड्याचा दबाव प्रचंड असतो. तरीही आकडा वर असताना नाही म्हणणारा माणूस साइटवर असलाच पाहिजे, आणि त्याचं नाही हे शेवटचं असलं पाहिजे.

एप्रिल-मेमध्ये विजांचीही धास्ती असते. सपाट माळावर बूम हीच सगळ्यात उंच वस्तू. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आता साइटवर सगळ्यांच्या फोनमध्ये असतं, आणि दूरवर गडगडलं तरी माणसं टॉवरमधून उतरवतात. जून ते सप्टेंबर हा वाऱ्याचा मोसम. तेव्हा वारा जास्त, पॅड चिखलात, आणि काळ्या मातीत ट्रेलर रुततो. म्हणून आपल्याकडे उभारणीचे खरे महिने नोव्हेंबर ते मे.

एकाच दिवसात तीन तुकडे का चढले, याचंही कारण वाराच आहे. गोल खांबाच्या दोन्ही बाजूंनी वारा आळीपाळीने भोवरे सोडतो आणि खांब आडवा डुलायला लागतो. माथ्यावर नॅसेलचं वजन असलं की डुलण्याची लय बदलते आणि धोका कमी होतो. नुसता उंच टॉवर नॅसेलविना रात्रभर उभा राहिला तर मध्यम वाऱ्यातही तो चांगलाच हलू शकतो. म्हणून खालचे एक-दोन तुकडे आधी चढवून ठेवतात. वरचे तुकडे आणि नॅसेल मात्र चांगला हवामान अंदाज पाहून, शक्यतो एका दमात चढवतात. ते जमणार नसेल तर टॉवरला पिळाने दोर गुंडाळतात, म्हणजे भोवऱ्यांची लय मोडते. तसा दोर गुंडाळलेला टॉवर पाहून कुणी म्हणालं की तो दोराने बांधून ठेवला आहे, तर खरं कारण हे आहे.

तुकडा चढतो कसा ते जवळून सांगतो. आडवा पडलेला तुकडा दोन क्रेन मिळून उचलतात. मोठी क्रेन वरच्या तोंडाला, छोटी खालच्या तोंडाला, तिला टेलिंग क्रेन म्हणतात. मोठी वर घेत जाते, छोटी खाली धरून पुढे सरकत येते, आणि तुकडा हवेतच उभा होतो. मग छोटी सुटते. तळाला बांधलेल्या दोरांना, म्हणजे टॅगलाइनला, माणसं लोंबकळून तो फिरू देत नाहीत. आधीच्या तुकड्याच्या माथ्यावर आत फळीवर तीन-चार रिगर, म्हणजे उचलीच्या कामाची माणसं, हुक लावून बसलेले असतात. त्यांनी फ्लँज, म्हणजे तुकड्याच्या तोंडाचं पोलादी कडं, कापडाने पुसून कोरडी केलेली असते, कारण मातीचा एक खडा मध्ये राहिला तरी दोन पोलादी कडी नीट बसत नाहीत. बाहेरच्या कडेने पाणी अडवणाऱ्या सीलंटची रेघ ओढलेली असते. साठ टनांच्या तुकड्याचं कडं डोक्यावरून इंच-इंच खाली येतं. वॉकीटॉकीवर एकच माणूस बोलतो, बाकी सगळे गप्प. हातभर अंतर राहिलं की निमुळत्या पोलादी पिना भोकांत घालून दोन्ही भोकं एका रेषेत आणतात. या वेळी हात फ्लँजच्या मध्ये जाऊ द्यायचा नाही, हा नियम शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतात आणि रोज सकाळी पुन्हा सांगतात. मग खालून बोल्ट घालायचे, नट हाताने फिरवायचे, मशीनने आवळायचे. पुरेसे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराला, आल्याशिवाय क्रेन वजन सोडत नाही.

बोल्टांवर इथे थोडं थांबतो, कारण मला विचाराल तर पवनचक्कीचा जीव यांच्यात आहे. एम-36 च्या (36 मिलिमीटर जाडीच्या) 10.9 या उच्च ताकदीच्या दर्जाच्या एका बोल्टला 50 टनांच्या आसपास ताण देऊन ठेवतात. एवढा ताण कशाला? बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो, ती थंड होऊन आक्रसते आणि आरे-पुठ्ठे एकमेकांत आवळून धरते, म्हणून चाक खिळखिळं होत नाही. इथेही तसंच. बोल्टाने दोन्ही फ्लँज इतक्या घट्ट दाबून धरल्या पाहिजेत की टॉवर डुलला तरी त्यांच्यात फट पडू नये. फट पडली नाही तर डुलण्याचा जोर फ्लँजमधून जातो आणि बोल्टावर फारसा कमी-जास्त होत नाही. फट पडायला लागली की प्रत्येक डुलण्याबरोबर बोल्ट ताणला-सोडला जातो आणि थकून तुटतो. मिनिटाला 12 फेरे, वर्षाला 6000 तास, 20 वर्षं असा हिशेब केला तर रोटरचे साडेआठ कोटींच्या वर फेरे होतात. एवढे फेरे ढिल्या बोल्टाला झेपणार नाहीत. म्हणून आटे साफ करून मॉलिब्डेनमचं वंगण लावतात, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळतात, हायड्रॉलिक टॉर्क मशीनने शेवटचा आकडा देतात आणि रंगाच्या पेनने नटावरून फ्लँजवर रेघ ओढतात. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. यंत्र चालू झाल्यावर साधारण 500 तासांनी हे सगळं पुन्हा तपासतात. पायथ्याचे अँकर बोल्टही असेच ताणतात, पण टॉवरच्या तळाच्या फ्लँजखाली भरलेला ग्राउट, म्हणजे न आक्रसणारा सिमेंटचा मसाला, पुरता कडक झाल्यावर.

नॅसेल ही माथ्यावरची खोली. तिच्यात मुख्य शाफ्ट, बहुतेक मॉडेलमध्ये गिअरबॉक्स, आणि जनरेटर. काही मॉडेलमध्ये ती एकाच उचलीत चढते, काहींत आधी सांगाडा आणि मग शाफ्ट-गिअरबॉक्स वेगळा. ती टॉवरच्या माथ्यावरच्या यॉ बेअरिंगवर बसते, म्हणजे वाऱ्याकडे तोंड फिरवू शकते. मग हब, म्हणजे पाती जिथे जोडतात तो मधला भाग, आणि मग पाती.

पाती चढवायच्या दोन रीती आहेत, आणि तुमच्या वावराचा प्रश्न इथेच येतो. पहिल्या रीतीत हब जमिनीवर ठेवून तिन्ही पाती तिथेच जोडतात आणि अख्खा रोटर उचलतात. मोठी क्रेन हबला, छोटी एका पात्याच्या टोकाकडे, आणि दूरवर उभ्या माणसांच्या हातात दोन पात्यांचे दोर. उचल एकच, पण जागा भरपूर लागते. 120 मीटर व्यासाचं पूर्ण वर्तुळ धरलं तर पावणेतीन एकर. दुसऱ्या रीतीत हब आधीच वर असतं आणि एकेक पातं आडवं धरून चढवतात. एक बसलं की हब 120 अंशांत फिरवून पिन घालून अडकवतात, मग दुसरं. जागा थोडी लागते, पण उचली तीन होतात, वाऱ्याची चांगली वेळ तीनदा मिळावी लागते, आणि एकच पातं बसलेलं असताना हब एकतर्फी जड होतं, म्हणून ते फिरवायला वेगळं यंत्र लावावं लागतं. तुमच्याकडे वावर मागितलं आहे म्हणजे पहिली रीत ठरली आहे.

वीज जोडणीचं थोडक्यात: टॉवरमधून केबल खाली येतात, बऱ्याच यंत्रांत 690 व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरने 33 केव्हीला चढवतात, तिथून ती पूलिंग सबस्टेशनला, म्हणजे सगळ्या यंत्रांची वीज गोळा होते तिथे, जाते. पात्यांच्या टोकांवर आकाशातून पडणारी वीज झेलणारी धातूची बटणं असतात, आतून तार, टॉवरमधून अर्थिंग. विद्युत निरीक्षकाची मंजुरी मिळाल्यावर यंत्र चालू होतं.

वावर द्यावं की नाही, तर माझं मत असं की द्यायला हरकत नाही, पण लेखी आणि मोसम बघून. तूर निघाल्यावर, साधारण फेब्रुवारीपासून, मृगाच्या तयारीआधीपर्यंतची मुदत ठरवा आणि तारखा कागदावर घ्या. मुदत पुढे गेली तर पेरणीचं काय, हेही त्याच कागदात हवं. जमिनीखालून तुमची पीव्हीसी पाइपलाइन किंवा ठिबकची मेन लाइन जात असेल तर तिचा नकाशा काढून द्या आणि चुना टाकून जागा दाखवा. क्रेनच्या पट्ट्याखाली ती लाइन टिकत नाही, आणि नंतर कुठे फुटली ते शोधत बसावं लागतं. त्यांच्याबरोबर उभं राहून धुरे, विहीर, बोअर, झाडं यांचे तारखेसह फोटो काढा, म्हणजे पंचनाम्याला वाद राहत नाही. जिथे मुरूम टाकणार तिथली वरची हातभर काळी माती आधी काढून वेगळी रचायला लावा आणि काम झाल्यावर मुरूम उचलून तीच परत पसरायला लावा. तेवढी माती तयार व्हायला पिढ्या लागतात, ती मुरमात मिसळली की वेगळी होत नाही.

उचल चालू असेल त्या दिवशी घरच्यांनी, विशेषतः पोरांनी, टॉवरच्या उंचीपेक्षा जवळ येऊ नये. दोन-अडीचशे मीटरवरूनही सगळं नीट दिसतं. आणि क्रेन निघून गेल्यावर जिथे जिथे तिचे पट्टे फिरले, तिथे जमीन कोरडी असतानाच ट्रॅक्टरला सबसॉयलर लावून दोन फूट खोल फाडून घ्या. तो खर्च कंपनीकडे मागा, कारण दबलेला थर साध्या नांगराला लागत नाही, पहिल्या पावसात तिथे पाणी साचतं आणि सोयाबीन पिवळं पडतं.